शंभर टक्के नजर

पाढेबाईंनी एकदा डोक्यात घातलेली गोष्ट ऑपरेशन करूनही निघत नाही, असं त्या शाळेत म्हणायचे. आणि त्यात तिखटमीठ फारसं नव्हतं. भर रस्त्यात बाई दिसल्या की टक्कल पडलेले बाप्ये सायकलवरून खाली उतरत आणि ओठांतल्या ओठांत सतराचा पाढा सुरू करत. चौकातल्या न्हाव्यानं एकदा गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावलेला असताना आरशात बाईंना पाहिलं. ‘सतरा नवे’पाशी तो जो अडकला तो पुढे सरकेना. शेवटी वस्तऱ्याखालून गिऱ्हाईकच म्हणालं, “एकशे त्रेपन्न. आता हात चालव, बाबा.” तेही बाईंच्याच हाताखालून गेलेलं होतं.

बाईंचा तिसरीचा वर्ग. एकतीस वर्षं एकच वर्ग, एकच खोली, आणि निकाल एकच: सगळे पास. शिकवण्याची त्यांची रीत साधी होती. आधी म्हणायचं, मग म्हणायचं, आणि मग परत म्हणायचं. “समजायला आख्खं आयुष्य पडलंय,” त्या सांगत, “पाठ करायला हेच वय.” नव्या मास्तरणी प्रशिक्षणाला जाऊन येत, मुलांना गोलात बसवत, रंगीत कागद कापत. बाई त्यांच्याकडे पाहून गोड हसत आणि चाचणीच्या दिवशी आणखी गोड हसत.

आरोग्याचं खातं त्यांच्याकडे आलं ते त्यांचं अक्षर चांगलं म्हणून. वरून पत्र आलं की प्रत्येक शाळेत एक आरोग्यप्रमुख हवा, त्यानं नोंदवही ठेवावी. हेडसरांनी मास्तरांकडे नजर फिरवली. सगळे बुटांच्या नाड्या बांधायला वाकले होते. एका मास्तरांच्या पायांत तर चपला होत्या. उरल्या बाई.

बाईंनी खातं घेतलं आणि आपल्या रीतीनं त्याचं सोनं केलं. हात धुण्याच्या सात पायऱ्या त्यांनी चालीत बसवल्या. तळहात, मग पालथा हात, मग बोटांच्या बेचक्या. शाळेचा नळ दोन वर्षं कोरडा होता, पण त्यावाचून काही अडलं नाही. रोज मधल्या सुट्टीआधी दोनशे सहा मुलं मैदानावर उभी राहून हवेत हात धूत आणि त्याच हातांनी डबे उघडत. पौष्टिक आहाराची कविता डबा न आणलेली मुलं सगळ्यात मोठ्यानं म्हणत. तपासायला येणारे साहेब ऐकून खूश होत आणि शेऱ्यात लिहीत, ‘मुलांमध्ये उत्तम जागृती.’

सगळं असं सुरळीत चाललं असताना मधे डोळे आले.

आदल्या वर्षी आरोग्य कार्यालयाचा माणूस डोळे तपासायला आला होता. हडकुळा, बोलायला कमी, चहाला नाही न म्हणणारा. शाळा त्याला डोळेवाले म्हणायची. त्यानं भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला, पहिली-दुसरी सोडून बाकीच्या मुलांना सहा मीटरवर उभं केलं, आणि दिवस संपता संपता अकरा मुलांच्या नावांपुढे फुली मारली. त्या अकरांना चष्मे मिळाले, हे खरं. पण ‘निरोगी शाळा’ ही पाटी मिळाली पलीकडच्या गल्लीतल्या शाळेला. तिथे फक्त चारच फुल्या होत्या.

हेडसरांना ती पाटी जाता-येता दिसायची. त्यांच्या घराचा रस्ताच तो. यंदा सगळ्या वर्गांच्या तपासणीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

“बाई, गेल्या वर्षी अकरा नापास.”

“हो सर. माझ्या वर्गातले तीन.” हे बोलताना बाईंची मान खाली होती. एकतीस वर्षांत त्यांच्या वर्गातलं कुणी नापास झालं असेल तर ते याच विषयात.

“यंदा एकही नको.”

“नाही होणार,” बाई म्हणाल्या.

पत्रासोबत तक्ताही आला होता. ठरलेल्या उंचीवर टांगून ठेवा, सहा मीटरवर खडूची रेघ मारून ठेवा, म्हणजे आमच्या माणसाचा वेळ वाचेल, असं लिहिलेलं होतं. तपासणीला पंधरा दिवस होते. आता तुम्हीच सांगा, परीक्षेचा पेपर पंधरा दिवस आधी हातात आल्यावर पाढेबाईंनी करायचं तरी काय? बाईंनी फळ्याशेजारचा जुना नकाशा काढला आणि त्याच खिळ्याला तक्ता अडकवला. नकाशानं कैक वर्षं झाकलेला भिंतीचा चौकोन पांढराशुभ्र होता, त्यात तक्ता अगदी मापात बसला.

मग चाल लागली. ‘ट एकटा, न ल दोघं, ग प व तिघं’ असं करत सात ओळी. सुलट झाल्या, उलट झाल्या, मधूनच विचारल्या तर मधून. चौथीच्या बाई येऊन ऐकून गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून चौथीही सुरू झाली. आठवडाभरात दोनशे सहा मुलं प्रार्थनेनंतर तक्ता म्हणू लागली. फसवणूक करतोय असं कुणाच्या मनालाही शिवलं नाही, बाईंच्या तर नाहीच. परीक्षा आहे, अभ्यास घेतला, यात काय वावगं?

तपासणीचा दिवस उजाडला. डोळेवाले चहा पिऊन खुर्चीत बसले. “एक डोळा झाक. पाचवी ओळ.” पाचवी ओळ धबधब्यासारखी आली. “दुसरा डोळा. उलटी म्हण.” उलटीही आली. त्यांची सवयच होती ओळीचा आकडा सांगायची. उठून छडी दाखवायचा त्यांना कंटाळा. त्या दिवशी त्या कंटाळ्याचं चीज झालं. पाचवीतल्या एका मुलीनं सातवी ओळ संपवून त्याखालचं छापखान्याचं नाव, पत्ता आणि ‘प्रती दोन हजार’ हेही सहा मीटरवरून वाचून दाखवलं. डोळेवाल्यांनी कप खाली ठेवला.

“घारीचे डोळे आहेत हो,” ते म्हणाले.

“आमच्याकडे पालेभाजी खातात,” हेडसर म्हणाले.

तिसरी शेवटी आली, आणि तिसरीतही शेवटी आली बाईंची नात. लेक-जावई कामासाठी दुसऱ्या शहरात, म्हणून पोरगी लहानपणापासून आजी-आजोबांपाशी. वर्गातली सगळ्यात हुशार, म्हणजे बाईंच्या हिशोबानं सगळ्यात जास्त पाठ असलेली. शाळेत ती आजीला ‘बाई’ म्हणे, घरी ‘आजी’, आणि दोन्हीकडे ओरडा सारखाच खाई. “नाक बुडवून वाचू नकोस, अक्षरं पळून जात नाहीत,” हा त्यातला रोजचा.

तिची पाळी येईस्तोवर डोळेवाले वहीत सह्या करायला लागले होते. दोनशे पाच झाले, संपलंच असं समजून शाळेतल्या मावशींनी तक्ता खिळ्यावरून काढला आणि दाराशी उभ्या राहून त्याची सुरळी करायला घेतली.

“अजून एक राहिली का?” वहीतून डोकं वर न काढता डोळेवाले म्हणाले. “बोल बाळ, सहावी ओळ.”

नात खडूच्या रेघेवर उभी राहिली. डावा डोळा झाकला. समोर खिळा होता आणि नकाशानं जपलेला पांढरा चौकोन. त्या चौकोनाकडे बघत तिनं सहावी ओळ घडाघडा म्हटली. मग उजवा डोळा झाकून उलटी म्हटली. एक चूक नाही.

“छान,” डोळेवाले म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

मावशींनी हातातल्या सुरळीकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई भिंतीकडे बघत होत्या.

“बाई,” मावशी हळूच म्हणाल्या, “पोरीनं भिंत वाचली की हो.”

“दोनशे सहापैकी दोनशे सहा,” हेडसर मोठ्यानं म्हणाले. “शंभर टक्के.”

त्या संध्याकाळी घरी बाईंनी नातीला समोर बसवलं. बाईंचे यजमान घड्याळजी. दुकान मुलाच्या स्वाधीन केल्यापासून ते खिडकीशी टेबल टाकून शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळं फुकट दुरुस्त करत आणि ती परत न्यायला कुणी येत नाही म्हणून कुरकुरत. डोळ्यावरची छोटी दुर्बीण काढून त्यांनी ऐकून घेतलं.

“तक्ता नव्हता तिथे,” बाई नातीला म्हणाल्या. “मग कसा वाचलास?”

“वाचायचा होता?” नात म्हणाली.

“म्हणजे?”

“तुम्ही म्हणायला सांगितलं होतं, आजी. वाचायचाय असं कुणी म्हणालंच नाही.”

“पण तो तक्ता रोज दिसायचा ना तुला? अक्षरं दिसायची ना?”

“पांढरं दिसायचं,” नात म्हणाली. “आजपण दिसलं.” मग जरा विचार करून तिनं विचारलं, “नापास झाले का?”

घड्याळजींनी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बोट केलं. “किती वाजले?”

“आत्ताच सहाचे ठोके पडले.”

“काटे कुठे आहेत?”

नात आजीकडे बघू लागली. सहाचे ठोके ऐकून काटे कुठे असतील ते तिला सांगता आलं असतं, पण विचारणारे आजोबा होते आणि ते हसत नव्हते.

ती आत गेल्यावर घड्याळजी म्हणाले, “मी फुकटचा घड्याळजी असेन, पण दोन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं, ही पोरगी घड्याळ बघत नाही, ऐकते. तुम्ही काय म्हणालात? कान तल्लख आहेत.”

“उगाळा आता.”

“उगाळत नाही. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो, चष्मा करतो. संपलं. शाळेत बोलायची गरज काय? सहा महिन्यांत तुम्ही रिटायर. पाटी लागेल, हार पडेल, तुम्हीही सुटाल.”

नवऱ्याचं बोलणं बाईंना मनापासून पटलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, हा योग तसा दुर्मीळच. नातीचा प्रश्न सुटत होता, शाळेचं नाव राहत होतं, आणि एकतीस वर्षांच्या निकालाला डाग लागत नव्हता. अडचण एवढीच होती की वर्गात आणखी चाळीस मुलं होती आणि त्या चाळिसांनाही तक्ता नातीइतकाच पाठ होता. शंभर टक्के लिहिलेल्या शाळेकडे डोळेवाले पुढची तीन वर्षं फिरकणार नव्हते. त्या मुलांच्या घरी घड्याळजी आजोबाही नव्हते.

“घेऊन जा तिला,” बाई म्हणाल्या. “बाकीचं मी बघते.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर बारीक अक्षरात लिहिलं, ‘क ब स द’. मागच्या बाकाकडे बघून छडी ‘क’वर टेकवली.

“काय आहे?”

“ट एकटा,” आख्खा वर्ग म्हणाला, “न ल दोघं, ग प व तिघं...”

“थांबा. फळा बघा. फळ्यावर काय लिहिलंय?”

थांबतंय कोण? छडी टेकली की गाडी सुटायची, आणि सुटलेली गाडी सातवी ओळ आल्याशिवाय थांबायची नाही, ही बाईंचीच शिस्त. बाईंनी फळा पुसून टाकला आणि कोऱ्या फळ्यावर छडी ठेवली. वर्गानं पुन्हा पहिल्यापासून, त्याच चालीत, एका सुरात सगळा तक्ता म्हटला. मुलांची नजर बाईंच्या चेहऱ्यावर होती. शाबासकी कधी मिळते ते बघत होती.

मग बाईंनी एकेकाला व्हरांड्यात नेलं. स्वतः लांबच्या टोकाला पाटी घेऊन उभ्या राहिल्या. पाटीवर वाटेल तो आकडा लिहायचा, दाखवायचा, पुसायचा. याला चाल लावता येत नव्हती. बहुतेकांनी बरोबर सांगितलं. सहा जणांनी अंदाजपंचे दाहोदरसे आकडे ठोकले. आणि दोघांनी विचारलं, “बाई, पाटी कुठाय?”

आठ, आणि घरची एक. बाईंनी नऊ नावं सुवाच्य अक्षरात लिहिली आणि त्या हेडसरांच्या खोलीत गेल्या.

हेडसर पाटीच्या मजकुराचा कच्चा कागद बघत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“नऊ,” ते म्हणाले. “एकट्या तिसरीत.”

“बाकीच्या वर्गांचं मला माहीत नाही. तक्ता मी सगळ्यांना पाठ करून दिला.”

“तुम्ही मुलांची तयारी करून घेतलीत, बाई. हा गुन्हा आहे का?”

“तपासणी पुन्हा करायला हवी, सर.”

“होईल ना. तीन वर्षांनी.”

“तोवर ही मुलं पाचवी-सहावीत जातील.”

“जातील की. तुमच्या हाताखालून गेलेलं मूल कुठे अडलंय?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “नातीला चष्मा लागतोय म्हणे. जरूर घ्या. फक्त समारंभाच्या दिवशी लावू नका. फोटो असतात.”

बाई उठल्या. खोलीबाहेर पडून त्यांनी आरोग्य कार्यालयाला स्वतःच पत्र लिहिलं. आजवर इतरांच्या चुका तांबड्या शाईनं दाखवण्यात गेलेल्या हाताला हे काम जड गेलं. तीन कागद फाटले. चौथ्यावर सरळ लिहिलं की तक्ता मी पंधरा दिवस आधी मुलांकडून पाठ करून घेतला, मुलांनी तो वाचलेला नाही, म्हटलेला आहे, त्यामुळे शंभर टक्के हा निकाल माझ्या शिकवण्याचा आहे, मुलांच्या डोळ्यांचा नाही. कृपया तपासणी पुन्हा व्हावी.

आठ दिवसांत उत्तर आलं. साहेबांनी पत्र वाचून आनंद व्यक्त केला होता. पाठांतरातून नेत्र-आरोग्य हा आपला उपक्रम अभिनव असून इतर शाळांनाही मार्गदर्शक ठरेल, तरी त्याची पाहणी करून माहिती घेण्यासाठी आमचे तपासनीस येत आहेत, असं त्यात होतं. ते वाचून हेडसरांनी बाईंकडे प्रथमच आदरानं पाहिलं.

“बाई, तुम्ही म्हणजे छुपे रुस्तम निघालात.”

बाईंनी ते पत्र घडी घालून ठेवलं. डोळेवाले येणार, एवढंच त्यांना हवं होतं. बाईंनी डोळेवाल्यांना फोन लावला आणि वेगळा तक्ता आणायला सांगितलं, तोही पिशवीतून बाहेर न काढता.

आता बाईंपुढे काम उरलं ते मुलांचं. दिसत नसेल तर अंदाजानं ठोकायचं नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. बाईंनी वर्गाला सांगितलं, “न दिसलं तर म्हणायचं, दिसत नाही. यात लाजायचं नाही. काय म्हणायचं?”

“दिसत नाही,” वर्ग म्हणाला.

“मोठ्यानं.”

“दिसत नाही.”

सवय, दुसरं काय? आठवडाभर रोज दहा वेळा घेतलं.

डोळेवाले आले. बाईंनी दार लावून घेतलं, खिडक्या लावल्या, चौथीच्या बाई कवाडाच्या फटीतून डोकावत होत्या त्यांना वर्गावर पाठवलं, आणि मगच तक्ता टांगू दिला. नातीला त्यांनी या खेपेला पहिली उभी केली. तिचा चष्मा तयार होऊन घरी आला होता, पण बाईंनी तो मुद्दाम घरीच ठेवला होता. शाळेच्या वहीत तिच्या नावापुढची खोटी खूण आधी पुसली जायला हवी होती. नात रेघेवर उभी राहिली आणि तिनं डावा डोळा झाकला. काही येत नाही असं आयुष्यात कधी न म्हटलेलं पोर ते. तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

“दिसत नाही,” नात म्हणाली.

डोळेवाल्यांनी फुली मारली. बाईंनी श्वास सोडला. पुढचा मुलगा आला. हा शाळेच्या गच्चीवरून पलीकडच्या गल्लीतल्या पतंगाचा मांजा बघणारा. त्यानं डोळा झाकला, बाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, “दिसत नाही.”

तिसरी मुलगी म्हणाली, “दिसत नाही.” चौथा म्हणाला. सहाव्या मुलीला तर डोळा झाकायच्या आधीच दिसेनासं झालं. दहा जण झाल्यावर डोळेवाल्यांनी पेन खाली ठेवलं.

“बाई, गेल्या महिन्यात यांना छापखान्याचा पत्ता दिसत होता.”

“हो.”

“आता वरचं मोठं अक्षरपण दिसत नाही. या पोरांना घारीचे डोळे द्यायचे की वटवाघळाचे, हे तुम्ही ठरवता काय?”

रांगेत खसखस पिकली. बाईंनी रांगेकडे पाहिलं. एकेचाळीस चेहरे त्यांच्याकडे वळलेले होते. तक्त्याकडे एकही नाही. बरोबर उत्तर काय ते त्या चेहऱ्यांना बाईंच्याच तोंडावर वाचायचं होतं.

“साहेब, चूक माझी,” बाई म्हणाल्या. “एकेकाला आत घ्या. छडी घेऊन उठा, कुठल्याही अक्षरावर ठेवा. कंटाळा करू नका. आणि मी बाहेर थांबते.”

“तुम्ही कशाला?”

“मी असेन तोवर ही मुलं माझ्याकडेच बघणार.”

एकतीस वर्षांत परीक्षा चालू असताना बाई स्वतःच्या वर्गातून पहिल्यांदा बाहेर पडल्या. मुलांना व्हरांड्यात ओळीनं बसवलं आणि आपण पाठ करून उभ्या राहिल्या. आत पहिलं मूल गेलं. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग चाल नसलेली, अडखळती अक्षरं येऊ लागली. एक, थांबणं, दुसरं. मधेच “हा स आहे की म?” असं कुणी विचारलं. बाईंच्या जिभेवर “सांग, सांग” आलं होतं, ते त्यांनी गिळलं आणि चार पावलं लांब गेल्या. तिथेही ऐकू येत होतं, म्हणून पार नळापर्यंत गेल्या.

दिवस मावळायला आला तेव्हा तिसरीच्या तेरा फुल्या झाल्या होत्या. व्हरांड्यात बाईंना न सापडलेली चार मुलं आणखी निघाली. बाकीच्या वर्गांना आणखी दोन दिवस लागणार होते. हेडसरांनी पाटीच्या मजकुराचा कागद घडी घालून खणात ठेवला आणि तपासनिसांसाठी आणखी एक चहा सांगितला.

नातीलाही पुन्हा आत घेतलं होतं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चिठ्ठी होती.

“बाई, दोनच ओळी आल्या.”

“बरं.”

“खालच्या कुठल्या होत्या?”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं; नवा तक्ता त्यांनी मुद्दाम नीट पाहिलाच नव्हता.

नातीला ते काही खरं वाटलं नाही. घरी पोचेपर्यंत तिनं आणखी चार वेळा विचारलं.